आधी विचारा, मान्यता कोणाची?

डिसेंबर आला की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात. "ताई, टोकियोला बदली झालीये. मुलांना इंटरनॅशनल शाळेत घालायचंय, कुठली बघू?" टोकियोतल्या आमच्या निशिकासाईत मराठी घरं भरपूर, त्यामुळे फी, बस, डबा याची माहिती सहज मिळते. मी मात्र आधी एकच विचारते, त्या शाळेला मान्यता कोणाची आहे?

जपानमध्ये शाळेच्या पाटीवर 'इंटरनॅशनल' कोणीही लिहू शकतं. इथल्या नावाजलेल्या इंटरनॅशनल शाळासुद्धा बऱ्याचदा 'काकुशु गाक्को' म्हणजे इतर प्रकारच्या शाळा म्हणून नोंदलेल्या असतात. ड्रायव्हिंग स्कूलही त्याच गटात येतं! अशा शाळेतून बारावी झालेल्या मुलाला जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठात जायचं तर बहुतेकदा आधी वेगळी पात्रता परीक्षा द्यावी लागे. 2003 साली नियम बदलला. कॅलिफोर्नियातली 'वॅस्क' आणि तिच्यासारख्या मोजक्या परदेशी संस्थांनी मान्यता दिलेल्या शाळांची मुलं थेट पात्र ठरू लागली. सरकारनं एकेक शाळा तपासली नाही, या संस्थांच्या तपासणीवर भरवसा ठेवला. एकट्या शाळेला हे कधीच जमलं नसतं.

ही तपासणी मी जवळून पाहिली आहे. लेकीच्या शाळेत मान्यता देणाऱ्या संस्थेचं पथक आलं तेव्हा आम्हा आठ पालकांना लायब्ररीत बोलावलं होतं. समोर बसलेले दोघेही दुसऱ्या देशांतल्या शाळांमधले शिक्षक. शाळेनं वर्षभर खपून स्वतःबद्दल लिहिलेला जाडजूड अहवाल त्यांच्यापुढे होता, पानोपानी पिवळ्या चिठ्ठ्या. निकालाबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. एका बाईंनी विचारलं, "नवीन आलेलं मूल पहिल्या आठवड्यात डबा कोणाबरोबर खातं?" आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. मला तर भरूनच आलं. लेक पहिले काही दिवस एकटीच जेवत होती, ते मी तिथे सांगून टाकलं. पुढच्या सत्रापासून प्रत्येक नव्या मुलाला वर्गातला एक सोबती मिळू लागला.

मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा तर याहून मोठा. इंटरनॅशनल शाळांतले शिक्षक दोन-तीन वर्षांनी देश बदलतात. मुलांवर अत्याचार करणारा एक शिक्षक असाच देशोदेशी नोकऱ्या करत काही दशकं सुटत राहिला. 2014 मध्ये ते उघडकीला आल्यावर जगभरच्या शाळा-संघटनांनी मिळून बालसुरक्षेसाठी कृतिगट नेमला आणि शिक्षक नेमताना त्याची पूर्वीची माहिती कशी पडताळायची, याचे निकष कडक केले. एका शाळेनं हाकललेला माणूस दुसरीत गुपचूप रुजू होऊ नये, यासाठी शाळांनी एकमेकींशी बोलायलाच हवं. जपानमधल्या शाळांची अशी एक परिषद 1972 पासून आहे, मुख्याध्यापक तिथे एकत्र बसतात.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाची छोटी शाळा वर्षाच्या मध्येच बंद पडली. मान्यता कुठलीच नव्हती. नव्या शाळेनं जुने गुण धरलेच नाहीत आणि पोरगा पुन्हा आठवीत बसला. त्याची आई माझ्या स्वयंपाकघरात ती गुणपत्रिका हातात धरून कितीतरी वेळ गप्प बसली होती.

म्हणून फी विचारायच्या आधी मान्यता विचारा. ती कधी संपते तेही विचारा, आणि पथकाचा शेवटचा अहवाल वाचायला मागा.