मोरओव्हर नावाचा डिंक

आज भाचीचा इंग्रजी निबंध बघायला बसले. दहावी. विषय 'माय सिटी', म्हणजे आपलं ठाणं. पहिल्या परिच्छेदात तलावपाळीची संध्याकाळ, बोटिंग, कोपिनेश्वराची घंटा. छानच. दुसरा सुरू: "मोरओव्हर, घोडबंदर रोडला फार ट्रॅफिक असतं."

म्हटलं, "अगं, मोरओव्हर म्हणजे 'शिवाय'. तलाव सुंदर, शिवाय ट्रॅफिक?"

"मावशी, क्लासमध्ये यादी दिलीये. प्रत्येक परिच्छेदाला एक लावायचा."

मोरओव्हर, फर्दरमोअर, हाउएव्हर... भेळेवर शेव भुरभुरावी तसे. इथे हाउएव्हरने निदान अर्थ तरी जुळला असता. पण म्हटलं, यादी ठेव बाजूला. आधीच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य वाच आणि त्यातलाच एक शब्द उचल. तिथे होतं 'क्वाएट'. पंधरा मिनिटं पेन चावून तिने लिहिलं: "दॅट क्वाएट एन्ड्स ॲट कापूरबावडी."

घोडबंदर रोडवरचा कापूरबावडी नाका! तलावाच्या काठावरून थेट सिग्नलला, आणि यादीतला एक शब्द नाही. मला नसतं सुचलं, खरं सांगते. आता 'लिंकिंग वर्ड कुठाय' म्हणून क्लासवाले अर्धा मार्क कापतील, ते वेगळंच.