लोकॉस्टला रोल बार बसवला त्याची गोष्ट

गाडी घेतली तेव्हा तिला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाईपची कमान) होता. म्हणजे असा माझा समज होता. मस्त पॉलिश केलेला, स्टेनलेसचा, सीटच्या मागून कमानीसारखा वर आलेला, आणि खरं सांगायचं तर फोटोत तो बार बघूनच मी विकणाऱ्याला फोन केला होता.

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या इंग्लंडात लेस्टरला. गाडी म्हणजे लोकॉस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन काढली, १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले, आणि तिच्याच धर्तीवर हौशी लोक आपापल्या गॅरेजात १ इंची चौकोनी पाईप वेल्ड करून, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन-एक्सल टाकून जी स्वस्तातली गाडी बनवतात ती लोकॉस्ट. दारं नाहीत, छप्पर नावाला, पावसात पाणी थेट मांडीवर. माझी १९९९ ची आहे, माझ्या आधी तीन मालक होऊन गेलेत.

मला मॅलरी पार्कच्या रेसट्रॅकवर ट्रॅक डे करायचा होता, म्हणजे पैसे भरून आपली गाडी ट्रॅकवर पळवायची. ओपन गाडीला चांगला रोल बार असेल तरच इथे बऱ्याच ठिकाणी आत सोडतात, आणि नियम साधा, हेल्मेट घालून बसलास की बार हेल्मेटच्या किमान ५ सेमी वर पाहिजे. मी हेल्मेट घालून बसलो, बायको स्टूलवर चढली, बारच्या टोकापासून पुढच्या डॅशपर्यंत मॉपचा दांडा आडवा धरायला गेली आणि म्हणाली, दांडा बारला टेकतच नाहीये, तुझ्या डोक्यावरच बसलाय. म्हणजे गाडी उलटली तर आधी मी आणि मग बार!

शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल करून बाबांना दाखवलं. बाबांचं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शेड आहे, आयुष्य ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात गेलं, रेसिंग वगैरे त्यांना काही ठाऊक नाही. तिकडे दुपारची जेवणं उरकलेली, ते पान लावत बसलेले. बारकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. म्हणाले, "वरचं ऱ्हाऊ दे रे, खाली काय आहे ते दाखव."

खाली कार्पेट होतं. ते फाडलं आणि मग जे दिसलं ते बघून पोटात गोळा आला. बारचे पाय चासीच्या २५ मिमी चौकोनी पाईपला एकेका बोल्टवर होते, पाईपची भिंत फक्त १.६ मिमी, आणि बोल्ट आवळून आवळून तो पाईप मधोमध चिंबला होता. बार काढल्यावर तो एका हाताने उचलला गेला, कापलेलं तोंड बघितलं तर भिंत जेमतेम दीड मिमी, सायलेन्सरचा पाईप असतो तसला. मागे तिरके स्टे, म्हणजे बारला मागून टेकू देणारे पाईप, नाहीतच. ही शोभेची वस्तू होती, आणि दरवर्षी एमओटी (इथली गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी) पास होत होती कारण त्या तपासणीत हे कुणी बघतच नाही.

नवीन बार मागवला, कोल्ड ड्रॉन सीमलेस (बिनजोड) पाईपचा, ४५ मिमी व्यास, २.५ मिमी भिंत, मागे दोन स्टे, आणि खांद्याच्या उंचीला एक आडवा पाईप. साडेचारशे पौंड गेले. आणि अर्थातच बसेना, कारण लोकॉस्टचं असंच असतं, दोन गाड्या एकसारख्या नसतात, ज्याने बनवली त्याचा मूड त्या दिवशी कसा होता त्यावर माप. डावा पाय पाईपच्या ६ मिमी बाहेर लोंबकळत होता.

मग पुठ्ठ्याचे टेम्प्लेट कापले. इथे मी जी माती खाल्ली ती सांगतो, म्हणजे तुम्ही खाणार नाही. स्टे मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून आरपार जाऊन चासीवर उतरतात. मी उजव्या बाजूचा टेम्प्लेट केला, तोच उलटा करून डावीकडे ठेवायचा होता, तो मी सुलटाच ठेवला, ओळंबा लावला, सेंटर पंच मारला, होल सॉ लावला आणि पत्र्याची गोल चकती खाली पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. भोक दोन इंच आत. एकदा दिलेलं माप पुन्हा तपासायचं हे बाबा मला सहावीत असल्यापासून सांगतायत.

बरं, त्याआधी एक काम केलं होतं ते मात्र शहाणपणाचं. ह्या गाडीत पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच, आणि स्टेचे पाय तिला खेटूनच येतात. तिथे ड्रिल आणि वेल्डिंग करायचं म्हणजे टाकी बाहेरच पाहिजे. पेट्रोल काढलं, टाकी उतरवून शेजारच्या बागेच्या कोपऱ्यात ठेवली, पाईपांची तोंडं बंद केली, दोन दिवस गॅरेजचं शटर उघडं. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी पण काढल्या, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने अल्टरनेटर उडतो.

आता मुख्य प्रश्न चिंबणाऱ्या पाईपचा. रेसिंगच्या नियमपुस्तकात पत्र्याच्या बॉडीवर पाय बसवायचा असेल तर खाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेमीची प्लेट आणि प्रत्येक पायाला किमान तीन एम८ (८ मिमीचे) बोल्ट, ८.८ ह्या मजबूत ग्रेडचे, असं आहे. माझी पाईपची फ्रेम, त्यामुळे ते जसंच्या तसं लागू होत नाही, पण पोकळ पाईपवर बोल्ट आवळला की तो दबणारच, मग तीन लावा नाहीतर सहा. बाबा म्हणाले, "ट्रॉलीच्या चासीला आपण काय करतो? बुश घालतो की." म्हणजे पाईपला आरपार मोठं भोक पाडायचं, त्यात जाड भिंतीची नळी घालून दोन्हीकडून वेल्ड करायची आणि बोल्ट त्या नळीतून न्यायचा, म्हणजे आवळताना दाब नळी घेते, पाईपला काही होत नाही. ऐकायला इतकं सोपं आणि मी आठवडाभर इंटरनेट चाळत होतो.

वेल्डिंग मी स्वतः केलं नाही. टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारता येतो मला, पण जिथे डोकं वाचायचंय तिथे माझा टॅक नको. एक म्हातारा मोबाईल वेल्डर बोलावला, त्याने चिंबलेला तुकडा कापून नवा घातला, बुश बसवले, दोन पाईपांच्या मध्ये ३ मिमीची प्लेट टाकली आणि कोपऱ्यात गसेट (त्रिकोणी आधारपट्ट्या) दिले. १२० पौंड आणि चार कप चहा.

बसवणं मग एका दुपारचं काम. नायलॉक (सैल न होणारे, आत नायलॉनची कडी असलेले) नट, ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच, २५ न्यूटन मीटर, नटच्या बाहेर दोन आटे दिसलेच पाहिजेत, आणि प्रत्येकावर पिवळ्या पेंटची रेघ. शंभर मैल चालवून परत बघितलं तर एका नटची रेघ हलली होती, तो पुन्हा आवळला. जुने हार्नेसचे (रेसिंगच्या सीटबेल्टचे) पट्टे खांद्यावरून थेट खाली फरशीला बांधलेले होते, म्हणजे धडक बसली की पट्टा माणसाला खाली दाबणार, मणका गेला. आता ते आडव्या पाईपला गुंडाळलेत, जवळजवळ सपाट जातात. एक गंमत, पट्टे अडकवायचे आयबोल्ट ७/१६ यूएनएफ ह्या इंची आट्याचे असतात, मेट्रिक नट त्यावर दोन फेरे फिरतो आणि अडकतो, जोर लावू नका.

अजून एक. रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही, आणि लोखंडी पाईप डोक्याच्या मागे वीतभर अंतरावर असतो. नळाच्या पाईपवर चढवतात तो मऊ फोम कामाचा नाही, बोटाने दाबला की तळाला टेकतो. एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) ८८५७-२००१ ह्या मानकाचा कडक फोम घेतला, महाग आहे, हाताला लाकडासारखा लागतो. इन्शुरन्सवाल्यांना पण कळवलं, त्यांनी फोटो मागितले, प्रीमियम होता तेवढाच राहिला.

मॅलरीला तपासणीवाल्याने दांडा बारपासून डॅशपर्यंत धरला, खाली माझं हेल्मेट चांगलं चार बोटं खाली. मग त्याने बारवर टिचकी मारली, आणि मला बरं वाटलं ते ह्याचं की नंतर तो टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसला आणि मडगार्डच्या आतून पाय कुठे बसलेत ते बघत राहिला. उठला, स्टिकर दिला, पुढच्या गाडीकडे गेला.

गाडीचा फोटो बाबांना पाठवला. मागून काढलेला, बार, स्टे, स्टिकर, सगळं दिसतंय. पाच मिनिटांनी रिप्लाय आला.

"पत्र्यावरचं ते ठिगळ रंगवून टाक आता."