खोके उघडण्याचा दिवस

समलिंगी आणि ट्रान्स माणसांच्या आठवणी जपणाऱ्या आमच्या संग्रहाच्या वार्षिक मेळाव्यात स्वागत, अहवाल आणि जमाखर्च होईपर्यंत मी मागच्या रांगेत खोके मोजत बसते. खरा मेळावा नंतर सुरू होतो. वर्षभरात ज्यांनी काही आणून दिलं, त्यांनी पुढे यायचं, आपला खोका उघडायचा आणि आतल्या एकाच वस्तूबद्दल पाच मिनिटं बोलायचं. घड्याळ माझ्याकडे असतं. आजवर कुणाला थांबवलेलं नाही.

एका वर्षी एका आजींनी खोक्यातून एक फोटो बाहेर काढला. बाकावर दोन तरुणी, मागे पेन्सिलीने ‘मी आणि मैत्रीण’. “घरात कुणी उलटून बघितलं तर, म्हणून मैत्रीण लिहिलं,” एवढंच बोलून त्या बसल्या. नोंदवहीत काय लिहायचं यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, फोटोमागचं की आजींच्या तोंडचं? शेवटी दोन्ही लिहिलं. बोलणं रेकॉर्ड करायला लागलो ते तेव्हापासून.

पुढे एक ट्रान्स दादा शाळेचा दाखला घेऊन आला. जुन्या नावावर अंगठा ठेवूनच त्याने तो सगळ्यांना दाखवला. सूचीत त्याचं आजचं नाव गेलं, दाखला बंद पाकिटात. तो सांगेल तेव्हाच उघडायचा. असं कुणी बोलायला लागलं की मी चष्मा पुसायला घेते.

बर्लिनची गोष्टही कुणीतरी सांगतंच. माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरांची लैंगिकतेचा अभ्यास करणारी १९१९ सालची संस्था, ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं भर चौकात जाळली. मला पाठ आहे, तरी ऐकते. जीव मात्र न्यूयॉर्कच्या लेस्बियन हर्स्टोरी अर्काइव्ह्जवर. १९७० च्या दशकात एका फ्लॅटमध्ये सुरू झालेला हा संग्रह १९९३ मध्ये ब्रुकलिनला स्वतःच्या घरात गेला, आणि आजही स्वयंसेवकच चालवतात. आमचंही पहिलं कपाट कुणाच्या तरी झोपायच्या खोलीतच होतं.

हजेरीबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण मोर्चाला झेंडे घेऊन येणारी मंडळी या दिवशी जातात कुठे? गेल्या वर्षी खुर्च्या तीस, माणसं एकोणीस, त्यातली चार चहा पिऊन पसार!

आली ती मात्र सोन्यासारखी. गंजलेल्या टाचण्या एकेक करून सोडवणाऱ्या ताई, घरचा स्कॅनर उचलून आणणारा, खोके जिन्यावरून चढवणारे दोघे, सूची टाइप करणारी, रेकॉर्डिंग ऐकून शब्द न शब्द उतरवणारा, किल्ली सांभाळणाऱ्या काकू, आणि वाळवी पहिल्यांदा जिला दिसली ती. नावं लिहीत नाही, यांतल्या काहींच्या घरी अजून माहीत नाही. आपण कोण ते ज्याने त्याने ओळखावं, कुणी राहिलं असेल तर मला फोन करून रागवावं.

पंखा दुरुस्त करणारा! तो राहिलाच होता.