दीड मिनिट

नित्रा, स्लोवाकिया, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये. माझा जोडीदार ग्लायडरचा ट्रेलर ओढत डॅन्यूबपलीकडे हंगेरीत आला, मला घेऊन परतला आणि पाठ टेकताच घोरायला लागला. मी लॉगरची, म्हणजे उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राची, फाइल उघडून बसले आहे. तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघतेय.

आजच्या स्पर्धेतला हंगेरीतला टर्नपॉइंट, म्हणजे जिथून वळून परतायचं ते ठिकाण, छान झाला होता. परतताना पश्चिमेकडून सिरस ढगांचा पातळ पडदा सरकत आला, ऊन मेलं आणि ग्लायडरला वर नेणारे गरम हवेचे झोत, थर्मल, एकेक करून विझले. नदीकाठच्या ओल्या सखल जमिनीवरून तसंही फारसं काही उठत नाही. माझं ग्लायडर, एलएस-४, एक किलोमीटर उंचीवरून चाळीस किलोमीटर जातं हे खरं, पण वारा पडलेला असला तर. आज वारा समोरून होता. चारशे मीटरच्या आसपास कळून चुकलं की नित्रा काही गाठता येत नाही. अशा वेळी शेत निवडायचं, दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही.

मी नदीकडे, सीमेकडे बघत राहिले.

फाइलमध्ये स्वच्छ दिसतं. ४२० मीटरपासून ३१० मीटरपर्यंत नाक उत्तरेला, सरळ रेघ. दीड मिनिट. खालची दोन चांगली शेतं मागे पडली. हंगेरीतलं शेत काय आणि स्लोवाकियातलं शेत काय, ग्लायडरला काय फरक पडतो? दोन्ही देश २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात आहेत. संध्याकाळी कोमार्नोच्या पुलावर आमच्या ट्रेलरकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

पण पासपोर्ट आणि ऑस्ट्रियात राहण्याच्या परवान्याचं कार्ड तंबूत होतं, कपड्यांच्या पिशवीत अगदी तळाशी. ते नेमकं ४२० मीटरवर आठवलं.

उतरले शेवटी नीट. पिवळ्या रेपसीडच्या, म्हणजे मोहरीसारख्या पिकाच्या शेतात उतरायचं नसतं, या दिवसांत ते पीक कमरेला लागतं. मक्यासाठी तयार करून ठेवलेला काळा पट्टा मिळाला. चाक वीतभर रुतलं, ढेकळं पंखाखाली फुटली. कॅनोपी, कॉकपिटवरचं काचेसारखं झाकण, उघडली तर ओल्या मातीचा वास, आणि वर कुठेतरी चंडोल. माझा हात खिशाकडे गेला. पंख बघायच्या आधी, याला फोन करायच्या आधी.

सायकलवरून एक आजोबा आले. त्यांना बघून मी ताठ उभी राहिले, इमिग्रेशनच्या खिडकीपुढे राहते तशी. ते काहीतरी बोलले, मला अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, "ऑस्ट्रिया." ते खाली बसले आणि चाकाभोवतीची माती हातांनी उकरायला लागले.

शेजारच्या तंबूतला परवा असाच कुठेतरी उतरला होता. पंखाच्या सावलीत चक्क झोपला म्हणे. त्याला कुणी कधी विचारलंच नसेल, तू इथे कसा. अकरा वर्षं झाली मला इकडे. आणखी किती वर्षांनी हा हात खिशाकडे जायचा थांबेल? पंख काढून ट्रेलरमध्ये सरकवताना रडू आलं. याला वाटलं, गुण गेले म्हणून. मीही तसंच राहू दिलं.

मग आईचा फोन. शेतात उतरले म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "पासपोर्ट होता ना गं जवळ?" लागलं का, हे नंतर. राग यायला हवा होता, पण आतून काहीतरी सैल झालं. हडपसरला ग्लायडिंग सेंटरच्या फाटकाशी बाबा स्कूटरवर बसून असायचे. मी विंचवरून, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राने, वर जायचे, थोड्या वेळात त्याच पट्टीवर परत. तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात आम्हा सगळ्यांच्या कागदांच्या झेरॉक्स, घडी घालून घालून मऊ झालेल्या. का, ते... असो.

ही भीती त्या घरातूनच माझ्याबरोबर आली आहे आणि राहील. तिच्यावर आता चिडत नाही. पण तिच्यापायी शंभर मीटर घालवायचे नाहीत. शंभर मीटर ही चेष्टा नाही.

मघाशी टॉर्च घेऊन ट्रेलरपाशी जाऊन आले. पासपोर्ट आणि कार्ड झिपच्या पाउचमध्ये घालून कॉकपिटच्या डाव्या कप्प्यात ठेवलं, पाण्याच्या बाटलीशेजारी. वजन शंभर ग्रॅमही नसेल.

सकाळी याला फाइल दाखवायची आहे. गुणांसाठी रडले नव्हते, तेही सांगायचंय.