आमची वाटचाल : आधी चुना, मग बी

2008 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, केंट काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) एका बंदिस्त कळपातल्या हरणाला सीडब्ल्यूडी हा हरणांना मारणारा मेंदूचा रोग निघाला आणि राज्याच्या खालच्या द्वीपकल्पात शिकारीसाठी हरणांना आमिष टाकण्यावर बंदी आली. गाजरं, शुगरबीट, मका, रानात काहीही नेऊन ओतायचं नाही. जमिनीत पेरून उगवलेलं मात्र चालतं. हरणं चरायला यावीत म्हणून शिकारी रानात असा तुकडा पेरतात, त्याला इथे प्लॉट म्हणतात, आणि त्याचं बी आम्ही विकतो. आमचा धंदा त्या बंदीच्या जोरावर उभा राहिला, हे मी अभिमानाने सांगतो, कारण त्या सुमारास बियाण्याच्या पिशव्या विकायला पुष्कळ जण पुढे आले, पण माती तपासा म्हणणारे आम्हीच होतो.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन मी इकडे आलो आणि काही वर्षं दुसऱ्याच्या गोदामात बी भरत होतो. 2009 मध्ये मिशिगनमधल्याच आयोनियाजवळ एका जुन्या गोठ्यात आम्ही स्वतःचं दुकान थाटलं. आम्ही म्हणजे मी, माझी बायको आणि शेजारचे एक वयस्कर शेतकरी. मिश्रणं आणि हिशेब बायकोकडे, गिऱ्हाईक माझ्याकडे. भागीदारांनी रोख काही घातली नाही, त्यांनी कल्टिपॅकर घातला. माती दाबायचा, बिडाच्या दातेरी चाकांचा तो रूळ त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेला. बेअरिंगच्या जागी तेलात मुरवलेले मेपलचे ठोकळे, झिजले की नवे कोरून बसवायचे. ते काम ते कोणालाही करू देत नसत. आज बाजारात क्वाडबाइकमागे ओढायचे हलके रूळ मिळतात, दिसायला सुबक, पण वजन नाही. क्लोव्हरचं, म्हणजे बरसीमच्या जातीच्या चाऱ्याचं, बी पाव इंचाच्या खाली गेलं तर वर येत नाही, आणि मोकळ्या मातीत पडलं तर दोन उन्हांत वाळतं. नांगरटीनंतर मातीवर बूट टेकवून पाहा. टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतली तर अजून रूळ फिरवायला हवा. हे पोत्यावर कुठे छापलेलं नसतं.

माझ्या बाबांची हयात हरभऱ्यात जागल करून रोही आणि काळविटं हाकलण्यात गेली. मी हरणांसाठी पेरतो हे फोनवर ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘हरणाले काय आवडते ते तुले कोणी सांगितलं?’ त्यांनीच सांगितलं होतं. कोवळं, दोन पानांवरचं, आणि आडोशाजवळचं.

आता आमच्या भागातल्या एका बियाण्याच्या दुकानदाराबद्दल. नाव घेत नाही, आमच्या भागातल्या जाणत्यांना कळेल. 2010 च्या हिवाळ्यात तो गोठ्यात येऊन बसला, बायकोच्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, शंभरांनी पोती उचलतो, फक्त मिश्रणाचं प्रमाण सांगा. भागीदारांच्या पिढीत शब्दाला किंमत होती. त्यांनी वहीच पुढे ठेवली. पोतं त्याने एकही उचललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे दहा टोकांच्या शिंगांच्या नराचं चित्र असलेली चकचकीत पिशवी लागली. पुठ्ठ्यावरचा मजकूर आमचा, आत मात्र निम्मं वार्षिक रायग्रास, म्हणजे झटपट वाढणारं स्वस्त गवत. रायग्रास आठवड्याभरात हिरवं दिसतं म्हणून घेणारा खूश होतो, पण जवळ क्लोव्हर असेल तर हरीण त्याला तोंड लावत नाही आणि एकदा बी धरलं की ते काढता काढता नाकी नऊ येतात. क्लोव्हरच्या बियांवर लेप चढवलेला, म्हणजे वजनातला तिसरा हिस्सा लेपाचाच. पिशवीला शिवलेली तपासणीची चिठ्ठी वाचत जा. शुद्ध बी किती टक्के, उगवण किती, तणाचं बी किती, सगळं त्यावर लिहावंच लागतं. चित्र वाचू नका, चिठ्ठी वाचा.

त्याच वर्षी, 2011 मध्ये, बहुतेक भागातली बंदी उठली. पेट्रोल पंपांवर गाजरांची पोती पुन्हा रचली गेली. पाच डॉलरच्या पोत्यावर हरीण येत असेल तर चुना, डिस्क, पेरणी कोण करतो? आमची निम्मी गिऱ्हाइकं त्या एका हंगामात गेली.

आणि मग 2012. मार्चमध्ये मे महिन्यासारखं ऊन पडलं, झाडं फुलली, एप्रिलच्या हिमाने सगळं जाळलं. मिशिगनचं सफरचंद त्या वर्षी जवळजवळ नव्वद टक्के गेलं. पाठोपाठ उन्हाळाभर पाऊस नाही. जुलैअखेर आम्ही टर्निप (शलगम) आणि रेप (मोहरीच्या कुळातला पाला) पेरलं, आमच्याकडच्या धूळपेरणीसारखं, पाऊस येईलच या भरवशावर. आला नाही. ऑगस्टमध्ये नदीकाठी मेलेली हरणं दिसू लागली. ईएचडी, हरणांचा रक्तस्रावी रोग. चिलटांमुळे पसरतो, मेंढ्यांच्या नीलजिव्हेच्या जातीचाच विषाणू. ताप चढलेलं जनावर पाण्याकडे जातं आणि तिथेच पडतं. राज्यात सुमारे 15,000 हरणं गेली असा सरकारी अंदाज होता आणि आयोनिया काउंटीला सर्वांत जास्त झळ बसली. ग्रँड नदीच्या काठाने गाडी चालवताना काच वर करावी लागे. हरीणच नाही तर प्लॉट कशाला, म्हणून पेरण्या रद्द झाल्या, आगाऊ पैसे परत मागितले गेले, आम्ही ते दिले. त्या वेळी तोच दुकानदार लोकांना सांगत फिरत होता की ह्यांच्या बियाण्यात काहीतरी होतं, म्हणून हरणं मेली. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. कडक हिम पडल्यावर चिलटं मेली आणि रोग थांबला, तेव्हा तो काही बोलला नाही.

बँकेने ट्रॅक्टरवर बोट ठेवलं होतं. वाचवलं आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाने. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चाळीस एकरांचं रान, बोलणं मोजकं. 2009 मध्ये त्यांची माती 5.4 पीएचची, म्हणजे आंबट, निघाली होती आणि आमच्या सांगण्यावरून त्यांनी एक वर्ष काहीही न पेरता नुसता चुना टाकला होता, एकरी दोन टन. शेजारी हसले. 2012 च्या दुष्काळातही त्यांचा लडिनो जातीचा क्लोव्हर मुळाशी जिवंत होता, सप्टेंबरच्या दोन सरींनी तो पुन्हा फुटला. प्लॉटच्या मध्यावर आम्ही तारेच्या जाळीचा एक पिंजरा ठोकला होता, हरणांना आत तोंड घालता येऊ नये म्हणून. ऑक्टोबरअखेर पिंजऱ्यात क्लोव्हर गुडघ्याला लागत होता आणि बाहेर सगळीकडे कुरतडून बोटभर. म्हणजे हरणं उरली होती, आणि रोज येत होती. त्या गिऱ्हाइकाने आपल्या शिकारी क्लबातल्या मंडळींना एकेक करून तिथे नेऊन उभं केलं. बंदुकीच्या शिकारीचा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू व्हायच्या आत आमच्याकडे मातीचे नमुने येऊ लागले, आणि मार्चमध्ये गोठण-उकलीने भेगाळलेल्या जमिनीवर आम्ही त्या सगळ्यांचा क्लोव्हर फेकला. बँकेचा हप्ता त्यातून गेला.

मधली वर्षं बरी गेली. 2017 मध्ये माँटकाम आणि केंटमधल्या रानटी हरणांत सीडब्ल्यूडी सापडला आणि 31 जानेवारी 2019 पासून खालच्या द्वीपकल्पात आमिषबंदी परत आली. तेव्हापासून फोन थांबत नाही.

म्हणून नव्यांसाठी थोडं. प्लॉट चौकोनी करू नका, लांबट आणि वाकडा करा, दहा गुंठेही पुरतात. मचाणाकडे जायची वाट प्लॉटमधून नेऊ नका, वारा हरणांच्या बसण्याकडे जात असेल तर त्या दिवशी घरीच राहा. टर्निप एकरी चार-पाच पौंडांच्या वर नको, दाट झालं की गड्डा धरत नाही. हात बसला नसेल तर वाळूत मिसळून फेका. मिशिगनमध्ये ऑगस्टच्या मध्यानंतर टर्निप पेरणं म्हणजे पैसे मातीत घालणं, त्यानंतर राय पेरा (गव्हासारखं धान्य, रायग्रास नव्हे), एकरी शंभर पौंड, ती सप्टेंबरातही उठते. आणि उगाच खोल नांगरू नका. ईस्ट लान्सिंगच्या विद्यापीठात प्राध्यापक बील यांनी 1879 मध्ये तणाचं बी बाटल्यांत भरून पुरलं होतं, 2021 मध्ये उकरलेल्या बाटलीतलं काही बी तरीही उगवलं. तुमच्या रानाखाली काय झोपलंय ते नांगराने उठवायचं कशाला?

गेल्या वर्षी त्या दुकानदाराचा मुलगा आला होता, सौजन्याने बोलला, मिश्रण घाऊक मागितलं. बायकोने त्याला मातीच्या नमुन्याची पिशवी दिली आणि सांगितलं, आधी हे भरून आण. माती तपासल्याशिवाय आम्ही कोणालाच बी विकत नाही, मग तो कोणीही असो. काही जण रागावून जातात. त्यांतले बरेच चुन्याच्या दिवसांत परत येतात, आणि चुना पसरायचा ट्रक मिळवायचा असेल तर नोंदणी एप्रिलआधी केलेली बरी.