वरच्या माळ्याची माणसं: आमची वाटचाल

आमची पेढी मुंबईतल्या जुन्या चाळी दुरुस्त करते. गोडाऊनच्या दाराशी दोन स्क्रू जॅक ठेवले आहेत. 1998 साली दारूखान्याच्या भंगारबाजारातून वजनावर विकत घेतले, तेव्हा हातात दुसरं काही भांडवल नव्हतं. आजही तुळई उचलायची वेळ आली की हेच दोन जॅक टेम्पोत आधी चढतात. हायड्रॉलिक आहेत आमच्याकडे, पण लाकूड घाईने उचललं की वरच्या लादीकोब्याला, म्हणजे लादीखालच्या चुन्याच्या थराला, चीर जाते. स्क्रू जॅकला एका वेळी पाव फेरा द्यायचा, थांबायचं, ओळंबा बघायचा, मग पुढचा पाव फेरा. हे मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आमचे सुतार, राजापूरकडचे. कागदावर पेढी माझ्या नावाची असली तरी पहिल्या दिवसापासून ते भागीदारच.

काम उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीचं, म्हणजे ज्यांच्याकडून सरकार दुरुस्तीसाठी उपकर घेतं अशा जुन्या इमारतींचं. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, तेवढ्या भाड्यात मालकाला कौलंसुद्धा बदलता येईनात आणि गिरगाव, काळबादेवी, डोंगरीच्या चाळी पावसागणिक खचत गेल्या. म्हणून 1969 चा कायदा आला आणि त्यातून दुरुस्ती मंडळ उभं राहिलं. उपकर गोळा करायचा, त्यात सरकारने भर घालायची आणि त्या पैशातून घरं राहती ठेवायची. सुरुवातीला अशा इमारती 19,642 होत्या, आता 13 हजारांच्या आसपास उरल्यात. छापखान्यांत, पेढ्यांवर राबणाऱ्या माणसाला दक्षिण मुंबईत परवडेल असं छप्पर आजही कुठे असेल तर ते या माळ्यांवर. त्यावर खर्च होणाऱ्या सरकारी रुपयाला मी मोठा मान देतो, आणि तो वाया जाताना दिसला की मला झोप लागत नाही.

तो वाया कसा जातो? पैसा चौरस मीटरच्या हिशोबाने मिळतो आणि त्याला मर्यादा असते. खर्च मर्यादेबाहेर गेला तर वरची रक्कम रहिवाशांनी घालायची, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. म्हणून ठेकेदार दिसेल ते आधी करतो: दर्शनी गिलावा, रंग, जिन्याचा कठडा. कुजलेलं असतं ते भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक. शेजारी मोरी असते, तिचा पाइप गळत असतो. शौचालयाच्या बाजूची भिंत तर हमखास. ते टोक उघडल्याशिवाय काढलेलं अंदाजपत्रक मी हातात घेत नाही.

2004 ते 2016 कामं मिळत गेली, झाली. मुलीचं शिक्षण झालं, वसईला शेड घेतली.

31 ऑगस्ट 2017 ला भेंडी बाजारात पाकमोडिया स्ट्रीटवर इमारत कोसळली, 33 माणसं गेली. त्यानंतर गिरगावातल्या एका चाळीचा तिसरा माळा रिकामा करण्यात आला. आठ खोल्या, आठ बिऱ्हाडं. कोणी प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या सरकारी घरांत, गेलं, कोणी कन्नमवारनगरला. खाली दुकानं चालू, दुसऱ्या माळ्यावर माणसं राहताहेत आणि वर नुसते टेकू. असा रिकामा माळा मला बघवत नाही. शिबिरात गेलेली माणसं तिथेच म्हातारी झालेली मी पाहिली आहेत. माळा रिकामा राहिला की गळती कोणी सांगत नाही, दोन पावसाळ्यांत वासे जातात, मग सगळी इमारतच जाते.

लोखंडी गर्डर धरले तर खर्च मर्यादेच्या खूप पुढे जात होता. मामांनी सुचवलं, रे रोडला पाडकामातलं जुनं बर्मा सागवान मिळतं, नव्यापेक्षा टणक. अंदाजपत्रकात 'सुस्थितीतील जुने सागवान' असे शब्द मी आग्रहाने घालून घेतले. उरलेली रक्कम रहिवाशांनी खोलीमागे वाटून घेतली. त्या कामासाठी दुसऱ्या एका ठेकेदाराने गर्डरचा प्रस्ताव दिला होता. त्याला काम मिळालं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये, आमचं काम संपता संपता, त्याने तक्रार केली: यांनी चाळीतलंच लाकूड रंधून परत बसवलं आणि बाहेरून आणल्याचं बिल लावलं.

चौकशी लागली की बिल थांबतं. आमचं बावीस महिने थांबलं, त्यात टाळेबंदी आली. शेड विकली, टेम्पो विकला. चौदापैकी नऊ कामगार गावी गेले ते परतले नाहीत. मामांनी त्या काळात एक रुपया घेतला नाही. माझ्या सचोटीवर वीस वर्षांत कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ज्याने ठेवलं तो आजही त्याच गल्लीत ठेके घेतो. एकदा त्याने 38 टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराची निविदा, भरून शेजारची इमारत मिळवली. तिथे गळका पाइप तसाच ठेवून गर्डर भिंतीत घातला. सहा वर्षांत टोकाला गंजाचे पापुद्रे सुटले. हे मी विसरलेलो नाही.

आम्हाला वाचवलं दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंनी. पोळीभाजी करून विकतात, चाळ कमिटीच्या सेक्रेटरी. काम चालू असताना त्या गॅलरीत पोळ्या लाटायच्या आणि खाली टेम्पो लागला की दुधाच्या वहीत लिहायच्या: तारीख, गाडीचा नंबर, तुळया किती, वासे किती. रहिवाशांचा पैसा लागलाय म्हणून. ती वही मेजरमेंट बुकाशी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापांच्या नोंदवहीशी, ओळीला ओळ जुळली. डिसेंबर 2020 मध्ये बिल निघालं. पुढच्या तीन चाळींची कामंही काकूंनीच सांगून मिळवून दिली.

रहिवाशांना सांगतो, अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या, ते तुमचं आहे. जुन्या लादीवर नवीन टाइल्स चढवू नका, ते वजन तुळईवर येतं. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावला की ओल आत कोंडते. नवीन ठेकेदारांनी दहा टक्क्यांपेक्षा जास्त बिलो भरू नये. त्यापुढची सूट लाकडातूनच निघते. आणि टेकू काढायची तारीख रहिवाशांसमोर ठरवा.

आठपैकी सहा बिऱ्हाडं तिसऱ्या माळ्यावर परत आली. सातवं घर एका आजोबांचं, ते शिबिरातच वारले. आता त्यांचा नातू राहतो. आठव्या खोलीला अजून कुलूप आहे. दर मे महिन्यात मी आणि मामा वर जातो, काकूंकडून किल्ली घेतो, मोरीजवळचं तुळईचं टोक पटाशीने टोचून बघतो आणि खिडकी उघडी ठेवून चहाला खाली येतो.