वॉली कोण?

लंडनला येऊन दोन वर्षं झाली पण आज ऑफिसात माझी जी शोभा झाली ती विचारूच नका 😄 सकाळी टीममधली एक बाई धापा टाकत आली, म्हणाली आय फील अ राइट वॉली, पास घरीच राहिला. मला वाटलं वॉली कुणीतरी नवीन जॉइन झालाय, मी आपलं भाबडेपणाने विचारलं, कुठल्या टीममध्ये आहे तो? दोन सेकंद शांतता आणि मग जे हसलेत सगळे! वॉली म्हणजे वेंधळा, येडा.

मग लंचला माझा क्लासच भरला. प्रॉपर चार्ली म्हणजे पण येडाच. हूरे हेन्री म्हणजे बड्या घरचा, मोठमोठ्याने खिदळणारा पोरगा. भित्र्या पुरुषाला जेसी, म्हणजे बाईचं नाव, हे काय मला पटलं नाही. बॉबी तेवढं माहीत होतं, रॉबर्ट पील गृहमंत्री असताना १८२९ मध्ये त्याने लंडनचं पोलीस दल उभं केलं म्हणून रॉबर्टच्या लाडक्या नावावरून पोलीस झाले बॉबी, आडनावावरून पीलर पण म्हणायचे. मी म्हटलं आमच्याकडे सोम्यागोम्या असतात, तर ते समजावता समजावता लंच संपला.

संध्याकाळी घरी बॉयलरवाला, हे फिरवा, ते दाबा, अँड बॉब्ज युअर अंकल! म्हणजे झालं काम. तो गेला आणि बॉयलर परत बंद. शेवटी खऱ्या काकाला, साताऱ्याच्या बाबूकाकाला फोन लावला, तो म्हणाला स्वेटर घाल आणि झोप.